हॅस्किन्सवकिलांचं सार्वभौम घर

हेझलफोर्क, व्हर्जिनिया
१४ ऑक्टोबर १८२२

प्रिय टेसी,

फ्रेडरिक्सबर्गहून तू पुढच्या घोडागाडीत नीट बसलीस, एवढं आयशमने येऊन सांगितलं. त्यापलीकडे तो काही बोलायला तयार नाही. डायसी चार दिवस नजरेआड झाली म्हणून गाडीवानाने एवढं तोंड पाडायचं कारण मला तरी समजत नाही. त्याची बायको गेली, तशी माझीही गेलीच आहे की! मी बघ, कसा मजेत पत्र लिहितोय.

वडिलांचा पाय मोडल्यावर मुलीने जायलाच हवं. मी तुला एका शब्दाने अडवलं नाही, हे माहेरच्या मंडळींना जरूर सांग. अडवायला मी घरी असायला हवं होतं आणि मी त्या वेळी कोर्टात होतो, हा तपशील सांगितला नाहीस तरी चालेल. मला एकच कळलं नाही. पाय तुझ्या वडिलांचा मोडला, मग माझ्या मालकीची स्वयंपाकीण डायसी का नेलीस? पेनसिल्व्हेनियात कुणाला चूल पेटवता येत नाही का?

सध्या स्वयंपाक पॉली करते. तिचा जन्म कपडे धुण्यात गेला, त्यामुळे ती मांससुद्धा धुऊन, पिळून वाढते. परवा मी एक तुकडा चावता चावता अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं.

आता आनंदाची बातमी. एप्रिलच्या निवडणुकीत मी वॉशिंग्टनच्या काँग्रेसमधल्या जागेसाठी उभा राहतोय. हसू नकोस. ज्या वॉशिंग्टनच्या सरकारला जन्मभर शिव्या घातल्या तिथंच जायला निघालात, असं कुणीही म्हणेल. पण चोरावर नजर ठेवायची तर त्याच्या अंगणात उभं राहावंच लागतं. काल कोर्टाच्या पायरीवर मी म्हणालो, "प्रत्येक राज्य आपल्या घरात मालक आहे! शेजारी कितीही थोर असो, आमच्या चुलीत फुंकर मारायला त्याने येऊ नये!" लोकांनी टोप्या उडवल्या. एक टोपी अजून झाडावर अडकलेली आहे. रिचमंडच्या विधानसभेत मी इतकी वर्षं घसा फोडला, पण टोपी झाडावर जाण्याची ही पहिलीच वेळ.

नदीच्या वरच्या अंगाची सगळी मतं कर्नल मॅकलिनच्या खिशात असतात, हे तुला ठाऊक आहेच. कर्नल आपल्या बाजूने आहे. त्याला जेवताना मी जो शब्द दिला, त्यावरून तू जाण्याआधी माझ्याशी बोलणं सोडलं होतंस, ते मी मनातून काढून टाकलंय. तूही टाक.

तुझा,
बर्वेल हॅस्किन्स

ता. क. पत्र आयशम घेऊन जातोय. आपल्या गावात वॉशिंग्टनचं पोस्ट ऑफिस नको, असा ठराव मीच आणला होता. त्यामुळे बिचाऱ्या घोड्याला शेजारच्या गावापर्यंत चिखल तुडवावा लागतो. तत्त्वाची किंमत कुणीतरी मोजायलाच हवी.


हेझलफोर्क
९ नोव्हेंबर १८२२

प्रिय टेसी,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे काय, चिठ्ठीच. "बाबांचा पाय सुधारतोय. मी परत येणार नाही. डायसीला कर्नलला देऊन टाकताना तू तिला विचारलं होतंस का?"

तुम्हा क्वेकर पंथाच्या लोकांचं मला कौतुक वाटतं. राजा असो की रंक, सगळ्यांना तू. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, तू लाडाने तू म्हणतेस. मग तुझे वडील गव्हर्नरलाही तू म्हणाले, तेव्हा उलगडा झाला.

तर मुद्द्यावर येतो. त्या दिवशी काय झालं, ते शांतपणे आठव. डायसीने मक्याचा तो मऊ पाव केला होता, चमच्याने खायचा. कर्नलने चारदा घेतला. मग मिशा पुसून तो म्हणाला, "बर्वेल, तुझी ही बाई मला दे, आणि वरच्या अंगाची मतं तुझी." मी म्हणालो, "घे!" पीच ब्रँडीचे तीन पेले पोटात असताना व्हर्जिनियातला कुठलाही सद्गृहस्थ हेच म्हणाला असता. तू टेबलावरून उठून गेलीस. डायसी मागे पावाचं भांडं घेऊन उभी होती, हे मला नंतर कळलं.

आता शब्द म्हणजे शब्द. नाताळपर्यंत तिला कर्नलकडे पाठवायचं ठरलंय. कर्नलचं घर काही समुद्रापलीकडे नाही, घोड्यावरून दीड दिवसाची वाट. आयशमला वर्षातून दोनदा मी जाऊ देईन. तीनदा म्हण.

तिला विचारलं होतं का, म्हणतेस. टेसी, ते वाचून मी मोठ्याने हसलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हसू लवकर आटोपलं.

तुझा,
बर्वेल

ता. क. माझी पत्रं तू डायसीला वाचून दाखवतेस, असं तू समासात लिहिलंयस. हे मला आवडलेलं नाही. डायसी, हे वाचलं जात असेल तर, पॉलीला त्या पावात अंडी किती घालायची ते कळव.


हेझलफोर्क
२८ डिसेंबर १८२२

प्रिय टेसी,

अंड्यांबद्दल उत्तर आलं नाही. त्याऐवजी माझ्याच जुन्या पुस्तिकेतलं वाक्य तू मला सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलंस: "करार दोघांचा असतो. एकाने तो मोडला की दुसरा मोकळा, आणि मोडला की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं."

अगं, ते राज्यांबद्दल आहे! संसाराला ते कसं लागू होईल? राज्यांनी एकत्र येऊन वॉशिंग्टनचं सरकार घडवलं, म्हणून ती त्याच्याहून मोठी. नवराबायकोचं तसं नाही. लग्न हा कायमचा, अभंग संघ आहे. त्यातल्या एखाद्या घटकाला वाटलं म्हणून तो उठून चालू पडला, तर जगात कुठलीच व्यवस्था टिकणार नाही! संघ आधी, घटक नंतर!

एवढं लिहिलं आणि मी दचकलो. हीच वाक्यं हल्ली जोनस क्रम्प गावभर बोलत फिरतो. क्रम्प म्हणजे माझ्याविरुद्ध उभा राहिलेला तो पिंगट केसांचा वकील. पडलेला पूल वॉशिंग्टनच्या पैशाने बांधून घेऊ म्हणतो. पूल पडला खरा, पण तो व्हर्जिनियाचा होता, व्हर्जिनियाच्या मर्जीने पडला. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. क्रम्पच्या हाती लागलं तर माझी धडगत नाही.

नाताळला कर्नल आला. पॉलीने टर्की वाढली. कर्नलने सुरी लावली, काढली, पुन्हा लावली आणि शेवटी सुरी खाली ठेवली.

"माझी डायसी कुठाय, बर्वेल?"

"तुझी डायसी माझ्या सासऱ्याचा पाय सांभाळतेय, कर्नल."

"ऑक्टोबरपासून? कसला पाय आहे हा?"

"क्वेकर पाय आहे. कुणाची घाई चालत नाही त्याला."

तो हसला, पण डोळ्यांनी हसला नाही. निघताना म्हणाला, "वरच्या अंगाची माणसं साधी असतात बघ. माझं पोट भरलेलं दिसलं की ती खूश असतात."

तू ये टेसी. एप्रिलपर्यंत डायसी इथं हवी. आणि तू तर हवीसच, ते वेगळं सांगायला नको. आयशमसुद्धा रोज विचारतो, "मालक, बाईसाहेब कधी येणार?" बघ, गाडीवानालाही तुझी केवढी आठवण येते. पोस्टात जायचं म्हटलं की हल्ली तो जेवण टाकून उठतो.

तुझा,
बर्वेल


हेझलफोर्क
३० जानेवारी १८२३

टेसी,

तुझ्या वडिलांचं पत्र आलं. "बर्वेल, तू कसा आहेस?" अशी सुरुवात. पुढे हवा, मग गाई, मग पाय. आणि मग सहज, गाई-वासरांच्या ओघातच, त्यांच्या राज्याचा कायदा. परराज्यातल्या मालकाचा गुलाम पेनसिल्व्हेनियात सहा महिने ठेवला गेला, की तो गुलाम उरत नाही. डायसीचे सहा महिने एप्रिलच्या मध्यावर भरतात म्हणे.

खाली लिहिलंय, "तू राज्यांच्या हक्कांचा मोठा कैवारी आहेस असं आम्ही इथंही ऐकतो. आमच्या राज्याच्या या हक्काने तुला समाधानच वाटेल." सत्तरी ओलांडलेल्या माणसाने इतकं खवचट असू नये.

म्हणजे हे तुला पहिल्यापासून माहीत होतं! पाय मोडला तरी होता का?

डायसीला पुढच्या गाडीने पाठवून दे. हा हुकूम आहे.

हुकूम हा शब्द खोडायचा होता, पण मग कागद फार घाण दिसला असता. विनंती आहे असं समज.

ब. हॅ.


हेझलफोर्क
११ मार्च १८२३, दुपार

माझी लाडकी टेसी,

काय सांगू तुला! तू आज इथं असायला हवी होतीस. आजचं भाषण माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम झालं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. त्यातला एकजण लंगडत होता, त्यामुळे मी सगळा बाजार तिरक्या नजरेने पाहिला, पण तेही गोड वाटलं.

सुरुवातीपासून सांगतो. आज कोर्टाचा दिवस, त्यामुळे सगळा मुलूख आवारात. घोडे विकणारे, दात काढणारा, जिंजरब्रेडवाली. मी भाषणाला चढणार तोच कर्नलने मला पिंपांच्या आड ओढलं. त्याला तुझ्या वडिलांच्या त्या कायद्याची बातमी लागलीय. (पॉली बोलली असणार. तिला स्वयंपाक सोडून सगळं येतं.) म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? वॉशिंग्टनचा कायदा आहे ना, पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यातून परत आणायचा. त्यांच्या न्यायाधीशाचा हुकूम घे, दोन माणसं पाठव, पंधरा दिवसांत बाई माझ्या चुलीपाशी." मी म्हणालो, "बघतो." उमेदवाराने याहून जास्त काही म्हणायचं नसतं.

मग मी बोललो. अर्धा तास झाला, टोप्या उडायला लागल्या. तेवढ्यात क्रम्प गाडीच्या चाकावर चढला.

"हॅस्किन्ससाहेब, एक साधा प्रश्न विचारू?"

"दोन विचारा, क्रम्पसाहेब. तुमच्याकडे असतील तर."

हशा पिकला. क्रम्पही हसला.

"समजा, एखाद्या व्हर्जिनियन माणसाची स्वयंपाकीण पेनसिल्व्हेनियात आहे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा म्हणतो, ती मोकळी. मालक म्हणतो, माझी. अशा वेळी वॉशिंग्टनच्या न्यायाधीशाने त्या राज्यात हात घालावा का? की पेनसिल्व्हेनियात पेनसिल्व्हेनियाचाच शब्द शेवटचा?"

अगदी माझ्या आवडीचा प्रश्न! आयुष्यभर हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट बघत होतो. मी छाती पुढे काढली आणि गरजलो, "वॉशिंग्टनचा न्यायाधीश? त्याने पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीत करंगळीसुद्धा बुडवली, तर उद्या तो व्हर्जिनियात कोपरापर्यंत हात घालेल! जे पेनसिल्व्हेनियाच्या घरात, ते पेनसिल्व्हेनियाचं! तिथला कायदा ज्याला मोकळं म्हणेल, त्याला पृथ्वीवरची कुठलीही सत्ता, अगदी मी स्वतःसुद्धा, हात लावू शकत नाही!"

टोप्या, टेसी! नुसत्या टोप्या! क्रम्पने तर सगळ्यांच्या आधी उडवली. म्हणाला, "वा हॅस्किन्ससाहेब! छापून काढतो हे!" विरोधकाने इतकी दाद द्यावी, याहून मोठा विजय कोणता? फक्त कर्नल घोड्यावर बसून निघून गेला. त्याचं पोट बिघडलं असावं.

थांब, जरा पाणी पिऊन येतो.


त्याच दिवशी, संध्याकाळी

टेसी,

माझ्या लक्षात आलं.


हेझलफोर्क
२६ एप्रिल १८२३

प्रिय टेसी,

मी थोडक्यात हरलो.

कसा, ते तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच, म्हणून मीच सांगतो.

मतदान आपल्या नेहमीच्या रीतीने झालं. आवारात टेबल, टेबलामागे शेरीफ, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला क्रम्प. मतदाराने पुढे यायचं, सगळ्यांसमोर नाव उच्चारायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने उठून वाकून आभार मानायचे. दुपारपर्यंत मी इतका वाकलो की कंबर धरली. मी पुढे होतो. बराच पुढे होतो, टेसी. वरच्या अंगाची माणसं तेवढी कुंपणाशी थांबलेली, कर्नलची वाट बघत. डोंगरातून नवीन येऊन वसलेली ती मंडळी, त्यांना आपल्याकडच्या चालीरीती अजून ठाऊक नाहीत.

मग शेरीफने माझं नाव पुकारलं. आता, उमेदवाराने आपलं मत प्रतिस्पर्ध्याला द्यायचं, ही आपल्याकडची खानदानी पद्धत. स्वतःचं नाव घेणारा माणूस कसला सद्गृहस्थ! मी उठलो आणि माझ्या त्या आवाजात, जो म्हणे नदीपलीकडे ऐकू जातो, म्हणालो, "जोनस क्रम्प!"

क्रम्पने उठून मला नमस्कार केला आणि त्याने माझं नाव घेतलं. त्याचाही रिवाज चुकला नाही. पण त्याचा आवाज बेताचा. शेरीफलाच जेमतेम ऐकू गेला.

नेमका त्याच क्षणी कर्नल मॅकलिन आवारात शिरला. टेबलासमोर उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी ऑक्टोबरपासून हॅस्किन्सचा माणूस आहे. हॅस्किन्स म्हणेल तेच मी म्हणणार. हॅस्किन्स म्हणतो क्रम्प. लिहा, क्रम्प."

कुंपणापाशी कुजबुज झाली. मग एक दाढीवाला म्हातारा पुढे आला. मला म्हणाला, "साहेब, तुम्ही निवडणुकीतून बसला होता तर आम्हाला आधी सांगायचं ना! आम्ही उगाच उन्हात ताटकळलो." आणि शेरीफला म्हणाला, "क्रम्प." त्याच्यामागे त्याचे मुलगे, जावई, जावयांचे भाऊ. मी ओरडत होतो, "अहो, ती रीत आहे! नुसती रीत आहे!" तो दाढीवाला परत फिरून माझी पाठ थोपटून गेला. "मोठ्या मनाचा माणूस आहात."

रीत सोडून त्याच वेळी मी म्हणू शकलो असतो की कर्नल, तुझी बाई तुला आणून देतो. तो तिथंच उभा होता, हातातल्या चाबकाने बूट झटकत. तो थांबलाच होता मी काही म्हणतोय का ते बघायला. माझ्या तोंडाशी आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण अख्ख्या आवाराने माझं मार्चमधलं वाक्य ऐकलेलं. क्रम्पने ते खरंच छापून दारोदार वाटलेलं, झाडांवरसुद्धा डकवलेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तत्त्वाने मलाच दाराबाहेर उभं केलं. मी गप्प बसलो. गप्प बसायची सवय नसल्यामुळे फार त्रास झाला.

संध्याकाळी घरी आलो. पॉलीने काहीतरी वाढलं. तुझी खुर्ची रिकामी होती. ती ऑक्टोबरपासून रिकामी आहे, पण आजवर माझ्याकडे भाषणं होती, त्यामुळे मी तिच्याकडे बघत नसे. टेसी, मला तुझी आठवण येते. सभेत बोलतो तसं नाही सांगत. जेवताना कुणी माझं म्हणणं खोडून काढत नाही, त्यामुळे घास खाली उतरत नाही.

आता डायसीचे सहा महिने होऊन गेले. ती मोकळी झाली. तिला माझ्याकडून तसं सांग. म्हणजे ते माझ्याकडून नाही, पेनसिल्व्हेनियाकडून आहे, पण सांग.

मी तिकडे येऊ का?

बर्वेल


राइझिंग सन, मेरीलँड
१९ मे १८२३

प्रिय टेसी,

तुझं उत्तर निघण्याच्या दिवशीच मिळालं. "ये. घर बाबांचं, कायदा पेनसिल्व्हेनियाचा. डायसी आता आठवड्याच्या पगारावर बाबांचा स्वयंपाक करते. तुला तो पाव हवा असेल तर तिला विचारावं लागेल. ती हो म्हणेलच असं नाही."

वाटेत बाल्टिमोरच्या खाणावळीत मी आरशासमोर विचारून पाहिलं. "डायसी, कृपा करून..." इथपर्यंत जमतं. पुढे आवाज कोर्टात चढतो तसा चढतो. दोन दिवसांत सुधारेल. नाहीच सुधारला तर तुझ्या वडिलांकडे जे असेल ते खाईन. पॉलीच्या हातचं खाऊन माणूस कशालाही तयार होतो.

आणि एक. मागच्या पत्रात मी "थोडक्यात हरलो" असं लिहिलं होतं. तो शब्द मी जरा सैल अर्थाने वापरला होता. वरच्या अंगाला फार जावई आहेत.

काँग्रेसची जागा गेली, रिचमंडचीही पुन्हा मिळणार नाही. कर्नल सगळीकडे सांगत सुटलाय की हॅस्किन्सला स्वतःचं स्वयंपाकघर राखता आलं नाही, तो राज्य काय राखणार! गावाने मात्र एक गोष्ट मानली. निघताना तो दाढीवाला भेटला, म्हणाला, "वकीलसाहेब, बोलल्याप्रमाणे वागणारा राजकारणी मी पहिल्यांदाच पाहिला. तुम्ही निवडून येणं अवघडच होतं."

काल संध्याकाळी आम्ही या गावात पोचलो. इथून तुमच्या राज्याची हद्द घटकाभराच्या वाटेवर आहे, दगड रोवलेला दिसतो म्हणे. आज सकाळी नाश्ता करून बाहेर आलो, तर गाडी दारात तयार. आयशमने चाकांचा सगळा चिखल धुतलेला, लगामाच्या पितळी कड्या लखलखीत, आणि अंगात रविवारचा कोट. आज सोमवार आहे. मी म्हणालो, "काय रे, लग्नाला निघालास का?" तो लगाम हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मालक, तिकडे मुक्काम किती?"

घोड्यांच्या दाण्यासाठी विचारत असेल असं मला वाटलं. मी म्हणणारही होतो, पंधरा दिवस. पण त्याने मान वर केली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. टेसी, इतकी वर्षं त्याची पाठ बघत मी प्रवास केलाय, त्याचा चेहरा असा समोरून मी कधी बघितलाच नव्हता. पोस्टात कुणाच्या पत्रासाठी तो घोडं पिटाळत होता, बाईसाहेब कधी येणार असं कुणाबद्दल विचारत होता, हे मला हेझलफोर्कपासून इथपर्यंत कळलं नाही. हद्दीच्या अलीकडे कळलं.

त्याला मोकळं करणारा कागद मी लिहू शकतो. लिहिला तर व्हर्जिनियाचा कायदा त्याला वर्षभरात राज्याबाहेर काढणार, आणि माझे शेजारी मलाही. तेवढं धैर्य माझ्यात नाही, हे तुझ्यापासून काय लपवू? पण बायकोच्या माहेरी जाऊन राहायला धैर्य लागत नाही. आणि शेजारच्या राज्यात त्या राज्याचा कायदा निमूटपणे मानणं, हे तर माझं जन्मभराचं तत्त्व आहे. त्यावर कुणालाही बोट ठेवता येणार नाही.

मी म्हणालो, "मुक्काम सहा महिने तरी होईल, आयशम. एखादा दिवस जास्तच."

त्याने घोड्याच्या मानेवर थाप मारली. मग तो म्हणाला, "मग जरा जोरात हाकू का, मालक?"

मी हो म्हणालो. तेव्हा ही चिठ्ठी डाकेच्या गाडीत टाकतोय खरी, पण तिच्याआधी आम्हीच पोचू असं दिसतंय.

तुझा,
बर्वेल